अब्रू राखली, पण नीतीचं काय?

बीड जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते.

"बाई, मी अंगणवाडी सेविका आहे. थोरला मुलगा संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. धाकटी लेक लातूरला बारावी सायन्सला, तिला डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा द्यायची आहे. दिवाळीला घरी आली होती. रात्री बाराच्या पुढं तिच्या उशाखाली फोन उजळला. मी उघडला. 'जेवलीस का', 'झोपलीस का', 'आठवण येते' आणि लाल बदाम. पुढचं वाचवलं नाही, हातपाय गार पडले. जावेपाशी बोलले, ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी भावकीत झालं. दिरांनी आठ दिवसांत स्थळ आणलं. आठ एकर बागायत, मुलगा सव्वीस वर्षांचा. तुळशीचं लग्न झालं की पहिल्या तिथीला उरकू म्हणतात. लेकीला अठरावं पुढच्या जुलैत पुरं होईल. 'आधारवरचं वय कोण बघतंय,' म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात ग्रामसेवकांबरोबर जाऊन गावातलं असंच एक लग्न मीच थांबवलं होतं.

आमचे मालक माळकरी आहेत, माणूस वाईट नाही. पण सप्ताहात महाराज बोलले की मोबाईलनं पोरी हातच्या गेल्या, कोर्टानं तर व्यभिचारालाही मोकळीक दिली. तेव्हापासून त्यांच्या तोंडी तेच आहे. त्यांच्या बहिणीचं लहानपणी साखर कारखान्यावर, ऊसतोडीच्या कोपीत (झोपडीत) राहत असताना, काही झालं होतं. मुकादमाचा कुणी नातेवाईक होता. तिला पंधराव्या वर्षी एका बिजवराला देऊन टाकलं. घरात ते कुणी काढत नाही. आमच्या मुलाचंही कॉलेजात एका मुलीशी आहे. ते सगळ्यांना माहीत आहे, त्याला सगळे हसून चिडवतात. माझंही लग्न सोळाव्या वर्षी झालं. खरं सांगते बाई, मलाही वाटतं की आता नीती राहिली नाही. मग मी उभी कोणाच्या बाजूनं राहू?"

ताई, आधी तिथीचं बोलू, कारण त्याला दम नाही. हे लग्न होऊ द्यायचं नाही. तुम्हाला कायदा शिकवायची गरज नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात ग्रामसेवक हे अधिकारी आणि तुम्ही त्यांच्या साहाय्यक. पण दिरांना आणि त्या आठ एकरवाल्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगावं लागेल. लग्न करणारा सज्ञान नवरदेव, लावून देणारे, जमवणारे, सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. शिवाय अठराच्या आतल्या बायकोशी नवऱ्यानं ठेवलेला संबंध हा बलात्कारच धरला जातो, असं सुप्रीम कोर्टानं ११ ऑक्टोबर २०१७ ला सांगितलं आहे. त्या मुलाच्या आईबापांना हे बहुतेक कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा. सोयरीक मोडायला तेवढं पुष्कळदा पुरतं. नाहीच पुरलं, तर १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर फोन करा, रात्री-अपरात्री कधीही. मागच्या उन्हाळ्यात ज्या आईच्या दारात तुम्ही ग्रामसेवकांबरोबर उभ्या राहिलात, ती आई आता तुमच्याकडे बघते आहे, हेही मनात असू द्या.

आता तुमच्या त्या प्रश्नाकडे येते, नीतीच्या. तो टाळण्यासारखा नाही आणि मला तो टाळायचाही नाही. माझं स्वतःचंही त्यात देणं आहे, ते आधी सांगते.

मी लातूरला मुलींच्या वसतिगृहात बावीस वर्षं रेक्टर होते. १९९७ सालची गोष्ट. अकरावीची एक मुलगी, तुमच्याच भागातली. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलच्या वहीत मला एका मुलाची चिठ्ठी सापडली. चौकटीच्या कागदावर निळ्या शाईनं लिहिलेली, चार घड्यांची. तिच्या गावात फोन दोनच घरी होते. त्यातल्या एकावर मी निरोप ठेवला, "वडिलांना ताबडतोब पाठवा." ते पहिल्या एसटीनं आले, हातात कापडी पिशवी, अंगावरचा सदरा रात्रीचाच. मी त्यांना खोलीत बसवलं आणि चिठ्ठी हातात दिली. त्यांना वाचता येत नव्हतं. मी सांगितलं, "मुलाची आहे." एवढंच. ती पोर रडली नाही. तिनं गादी गुंडाळली, पत्र्याची पेटी उचलली, आणि दारातून परत येऊन खिडकीत वाळत घातलेली ओढणी घेऊन गेली. एकविसाव्या दिवशी तिचं लग्न लागलं. त्या मुलाच्या बापाला मी फोन केला नाही, करावा असं मनातही आलं नाही. तो बारावी झाला, इंजिनिअर झाला.

अकरा वर्षांनी ती मला एका सरकारी दवाखान्यात दिसली. वय अठ्ठावीस. दोन लेकरं, दरसाल दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणं, आणि सव्वीसाव्या वर्षी काढलेली गर्भाची पिशवी. (२०१९ साली सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तो आकडा वाचला तेव्हा मला ती ओढणीच आठवली.) तिनं मला ओळखलं, पाया पडली. मग विचारलं, "बाई, ती चिठ्ठी तुम्ही पुरी वाचली होती का?" मी वाचली नव्हती. पहिली ओळ 'प्रिय'नं सुरू होत होती, तिथंच मी थांबले होते. ती म्हणाली, "त्यात लिहिलं होतं की आता बोलणं बंद करू, बारावी झाल्यावर बघू."

ताई, तुम्हीही चार ओळी वाचून थांबलात. माझ्यासारखेच तुमचेही हातपाय गार पडले. पण तुमच्या हातात अजून वेळ आहे.

मी तेव्हा समजले होते की मी नीती राखली. खरं तर मी वसतिगृहाची अब्रू राखली होती. हे दोन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. अब्रू लोकांच्या तोंडात असते, ती चार माणसांच्या बोलण्यानं जाते. नीती आपल्या वागण्यात असते. कुणी न बघताही आपण दुसऱ्याला फसवलं का, जबरदस्ती केली का, वापरून वाऱ्यावर सोडलं का, याला नीती म्हणतात. तुमच्या नणंदेचं काय झालं ते बघा. ज्यानं केलं तो मुकादमाचा माणूस होता, त्याला कुणी जाब विचारला नाही, कारण डोक्यावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल होती आणि पुढच्या साली पुन्हा त्याच्याच टोळीत कोयता लावायचा होता. पोरीला मात्र पंधराव्या वर्षी बिजवराच्या घरी धाडली. गुन्हा त्याचा, शिक्षा हिला. घराची अब्रू राखली गेली आणि घरातली नीती त्याच दिवशी बुडाली. तुमच्या मालकांनी लहानपणी हे डोळ्यानं पाहिलं आहे. म्हणून मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्या पोटात आजही तीच कोपी आहे, तोच अंधार आहे, आणि आईबाप फडात गेल्यावर पोर एकटी राहण्याचं भय आहे. तुम्ही लिहिता की ते कुणी काढत नाही. एकदा काढा. रात्री दोघंच असताना विचारा, "तुमच्या बहिणीचं लग्न लावल्यानं तिचं काय भलं झालं?" भांडायला म्हणून विचारू नका. त्यांना बोलू द्या, मध्ये गप्प बसावं लागलं तर बसा. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नसेल.

बापाचं भय खरं असतं, पण त्या भयाचं औषध म्हणून आपण जे करतो त्यानं दुखणं वाढतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात सुमारे २२ टक्के निघाल्या, बीडमध्ये जवळपास ४४ आणि परभणीत ४८. म्हणजे आपल्याकडे जवळजवळ दर दुसऱ्या लेकीला या भयानं लवकर उजवलं. याच भयाचं दुसरं टोक जन्माच्याही आधी आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं फक्त ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यांत कमी. तुमची लेक तेव्हा दोन-अडीच वर्षांची असेल, ती त्या ८०७ मधली आहे. ज्या जिल्ह्यानं लेकी जन्मू दिल्या नाहीत, त्यानं उरलेल्यांना नीती शिकवावी, हे ऐकताना माझ्या घशात आवंढा येतो.

महाराज कोर्टाबद्दल बोलले, त्याचंही नीट समजून घ्या, म्हणजे घरात उत्तर देता येईल. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं दंड संहितेतलं ४९७ कलम रद्द केलं. ते १८६० सालचं, इंग्रजांच्या वेळचं. त्यात काय होतं? दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवला तर त्या नवऱ्यानं परपुरुषावर फिर्याद करायची. नवऱ्याची संमती असेल तर मात्र गुन्हाच नाही. आणि नवराच बाहेर गेला तर बायकोला फिर्याद करायचा हक्कच नाही. म्हणजे शेजाऱ्याचं जनावर आपल्या वावरात शिरलं तर जशी तक्रार करावी, तसा तो हिशेब होता, आणि जनावराच्या जागी बाई होती. कोर्टानं तो हिशेब मोडला. व्यभिचार चांगला असं कोर्ट म्हणालेलं नाही. त्या कारणावरून घटस्फोट आजही मिळतो, आता नवरा आणि बायको दोघांनाही सारखाच. तुरुंग तेवढा गेला. मला विचाराल तर जोडीदाराचा विश्वास मोडणं ही अनीतीच आहे आणि मी तिला तसंच म्हणेन. पण ती पोलिसांनी राखायची गोष्ट नाही.

आणि पूर्वी फार नीती होती म्हणतात, ते मला पटत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, कारण चांगल्या चांगल्या घरांतल्या तरुण विधवा घरच्याच पुरुषांपासून गरोदर राहत आणि जन्मलेलं लेकरू मारून टाकत, नाहीतर स्वतः विहीर जवळ करत. त्या घरांची अब्रू शाबूत होती. त्यातल्याच एका बाईचं मूल त्या दोघांनी दत्तक घेतलं, यशवंत नाव ठेवलं आणि डॉक्टर केलं. आपल्या जालन्याला लागून असलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली एक छोटं पुस्तक लिहिलं आणि थेट विचारलं की जे दुर्गुण बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत काय? ते विचारून एक शतक उलटून गेलं, आणि तुमच्या घरात मुलाला हसून चिडवतात नि मुलीला स्थळ बघतात.

मालक माळकरी आहेत म्हणून एक गोष्ट खास त्यांच्यासाठी. विठ्ठलपंत संन्यास घेऊन परत संसारात आले, हे त्या काळाच्या लेखी मोठं पाप होतं. त्याची शिक्षा कोणाला झाली? चार लेकरांना. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. 'संन्याशाची पोरं' म्हणून त्यांना वाळीत टाकलं. परंपरा सांगते की शुद्धिपत्रासाठी त्यांना याच आपल्या मराठवाड्यात, पैठणला, धर्मसभेपुढं उभं राहावं लागलं आणि आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. ज्यांनी लेकरांचा निवाडा केला त्यांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. लेकरांपैकी एकाला आपण माउली म्हणतो. मालकांना म्हणावं, गळ्यातली माळ कोणत्या बाजूची आहे ते आठवा.

याचा अर्थ आता सगळं आलबेल आहे, असं मी म्हणत नाही. वसतिगृहात शेवटच्या चार-पाच वर्षांत मी जे पाहिलं ते आधीच्या काळात पाहिलं नव्हतं. बारा-तेरा वर्षांची पोरं फोनवर घाण बघून बाई म्हणजे काय ते शिकतात, कारण घरात आणि शाळेत त्यांच्याशी दुसरं कुणी बोलतच नाही. राज्यात २००७ साली शाळेतल्या लैंगिक शिक्षणाला विरोध झाला आणि ते थांबवलं गेलं. त्याच्या ८० वर्षं आधी र. धों. कर्व्यांनी याच विषयासाठी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, खटले सोसले, आणि १९३४ साली त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. एवढ्या मोठ्या माणसांनी जे बोलायला लावलं ते आपण बंद केलं आणि ती जागा मोबाईलनं घेतली. लग्नाचं वचन देऊन नंतर नंबर बंद करणारे मुलगे मी पाहिले. एका मुलीचे फोटो चौघांत फिरले, ती तीन दिवस पांघरुणातून बाहेर आली नाही. हे सगळं मला आतून जाळतं. पण बघा, यातल्या एकाही गोष्टीला लवकर लग्न हा उतारा नाही. जो मुलगा फोटो फिरवतो त्याला घरी कधी कुणी अडवलेलं नसतं. तोही कुणाच्या तरी घरात हसून चिडवला गेलेला असतो.

म्हणून लेकीशी बोलायचं. पण घरी, जावेच्या देखत नको. येत्या रविवारी एकट्या लातूरला जा. बरोबर तिच्या आवडीचा डबा न्या, धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, जे असेल ते. आधी खाऊ द्या. मग सांगा की मी तुझा फोन उघडला, चार ओळी वाचल्या, आणि जावेपाशी बोलले, हे माझं चुकलं. आईनं आधी स्वतःची चूक सांगितली की पोरींचं कुलूप निघतं, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. मग विचारा. तो कोण, किती वर्षांचा, कधी कुठं बोलावतो का, फोटो मागतो का, नको म्हटलं तर रुसतो की ऐकतो. तिचं 'नको' तो ऐकतो का, यावरून मला त्या मुलाची पारख जेवढी होईल तेवढी त्याच्या जातीवरून की जमिनीवरून होणार नाही. तिला सरळ सांगा की अठराच्या आत संमतीनं झालेला संबंधसुद्धा पॉक्सोखाली, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याखाली, गुन्हा ठरतो आणि दोघांचंही वर्ष बुडतं. अंगावरचे कपडे काढलेला फोटो कुणालाच, कधीच पाठवायचा नाही आणि पाठवला गेला असेल तर लपवायचा नाही, आधी मला सांगायचं. पाळी चुकली असेल तर तेही मलाच सांगायचं. ही वाक्यं म्हणताना तुमची जीभ अडखळेल. अडखळू द्या. अंगणवाडीत किशोरींना आपण हेच चार्ट लावून शिकवतो ना? सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथं समुपदेशक भेटतो. लातूरला आहात तर तिला तेही दाखवून ठेवा.

फोन काढून घेऊ नका. काढून घेतला तर ती मैत्रिणीच्या फोनवरून बोलेल आणि मग काही बिनसलं तर तुम्हाला कळणारही नाही. रात्री दहानंतर फोन बंद, असं तिनंच ठरवावं, बारावी फेब्रुवारीत आली आहे म्हणून. सतरा वर्षांच्या पोरीला कुणी आवडणं यात अनीती नाही, ताई. सोळाव्या वर्षी तुमचं लग्न लागलं तेव्हा तुम्हाला कोण आवडत होतं, हे तरी कुणी विचारलं होतं का?

दिरांना उत्तर मालकांनी द्यावं, तुम्ही नाही. भावकीत बाईचं 'नाही' रुसव्यात जमा होतं, पुरुषाचं 'नाही' निर्णय धरलं जातं. हे बरोबर नाही, पण आज आपल्याला लग्न थांबवायचं आहे. त्यांनी एवढंच म्हणावं, "जुलैपर्यंत माझ्या लेकीच्या सोयरिकीचं माझ्या दारात कुणी काढायचं नाही, आणि पुढं तिला विचारल्याशिवाय काढायचं नाही." त्यांच्यानं धीर होत नसेल, तर गावातला एखादा जुना वारकरी, ज्याचं दीर ऐकतात, त्याला घरी चहाला बोलवा.

हे सगळं झालं की संभाजीनगरला मुलाला फोन लावा. चिडवायला नाही. बहिणीला विचारलं तेच त्याला विचारा. ती मुलगी 'नको' म्हणाली तर तू ऐकतोस का? तिचे फोटो तुझ्याकडं आहेत का, कुणाला दाखवलेस का? तिला काय शब्द दिलास आणि तो पाळणार आहेस का? तुमच्या पत्रात स्थळाची जमीन आहे, दिरांचं बोलणं आहे, तिथी आहे. ती मात्र नुसती 'एका मुलीशी' एवढीच आली आहे. कुठल्या तरी गावात तिचीही आई आहे, तिच्याही उशाखाली रात्री फोन उजळत असेल. मुलाला आधी तिचं नाव विचारा.